भुऱ्याची गुरगुर

मार्च 2019. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यात माल काढून झाला होता, मजूर आपापल्या गावी परतले होते आणि पॅकिंगच्या शेडजवळ एक कुत्रा साखळीला तसाच राहिला होता. मळ्याचे मालक आमच्या मेडिकलचे जुने गिऱ्हाईक. औषधं घेता घेता म्हणाले, "ताई, कुत्रं लई बिघडलंय. फवारणीच्या पोराला चावलं. तुम्ही कुत्र्यांचं करता ना काहीतरी? घेऊन जा, नाहीतर मला दुसरं काही बघावं लागंल."

तोवर मी जे 'काहीतरी' करत होते ते इतकंच: दुकान बंद केलं की पंचवटीतल्या आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालायचं, जखमेत किडे पडले तर औषध लावायचं, नसबंदीसाठी गाडी बोलवायची. डी. फार्म. झालेली बाई मी. कुत्र्याला शिकवण्यातलं मला काहीही येत नव्हतं. आज मी हेच काम करते आणि ते मला भुऱ्याने शिकवलं. त्याचं प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतेय, कारण त्यात मी आणि मी पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने मिळून जी चूक केली ती आजही घरोघरी होताना बघते.

साखळी

साखळी साडेतीन फुटांची होती. घरी आणल्यावर मोजली. भुऱ्या अंगाने मध्यम, पिवळसर-भुरा, डॉक्टरांच्या अंदाजाने तीन वर्षांचा. वरच्या दोन्ही सुळ्यांची मागची बाजू घासून सपाट झाली होती. लोखंड चावून चावून दात असे झिजतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अंगणात त्याला मोकळं सोडलं तर तो पळाला नाही, हिंडला नाही. एका जागी उभा राहिला आणि साडेतीन फुटांचा गोल धरून फिरायला लागला. साखळी काढून ठेवलेली होती, तरी तिचं टोक आलं की तो वळायचा.

द्राक्षाच्या बागेत मणी गोड व्हायला लागले की पाखरं येतात. मग पहाटेपासून पत्र्याचे डबे बडवायचे, फटाके लावायचे. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक त्यावर असतं, त्याला दोष देता येत नाही. पण भुऱ्याने तीन हंगाम त्या डब्यांपासून दहा-बारा फुटांवर बांधलेल्या अवस्थेत काढले होते. लांब जायची सोय नसलेल्या जिवाला तो आवाज कसा ऐकू येत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढे करावा लागला.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही मालकाचा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साखळीसुद्धा त्याहून महाग येते.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी रेबीजची लस दिली आणि रक्त तपासायला पाठवलं. गोचीड ताप निघाला. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन चाललं. कान आतून सुजलेला होता, त्याचे थेंब वेगळे. डॉक्टर म्हणाले, "दुखणारं कुत्रं चिडकं असतं, आधी दुखणं जाऊ दे." दुखणं गेलं, वजन भरलं, अंगावर चकाकी आली. पण भांड्याला भांडं लागलं, कोणी त्याच्यावर वाकलं, तो खात असताना जवळून पाऊल गेलं, की घशातून खोल गुरगुर सुरू व्हायची. घरात तेव्हा आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. एसटीत चालक होते, वय तेव्हा एकाहत्तर. त्या गुरगुरीने घर धास्तावलं.

शांत झालेला कुत्रा

एप्रिलच्या शेवटी मी एक ट्रेनर बोलावले. त्यांचं नाव सांगायचं कारण नाही, त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही कोणीतरी तसंच शिकवलेलं असतं. त्यांनी भुऱ्याकडे पाच मिनिटं बघून निदान केलं: "हा घराचा बॉस व्हायला बघतोय. गुरगुरला की झटका." गळ्यात चोक चेन आली, ओढली की गळा आवळणारी साखळी. गुरगुर, झटका. गुरगुर, झटका. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं, आणि एरवी आम्ही घरच्यांनी.

ही 'बॉस' कल्पना कुठून आली ते मी नंतर शोधलं. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून काही निरीक्षणं मांडली. एका कुंपणात डांबलेले लांडगे सत्तेसाठी भांडतात, त्यांच्यात एक 'अल्फा' असतो, वगैरे. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने 1970 च्या आपल्या पुस्तकातून तीच कल्पना सर्वदूर नेली आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 मध्ये स्वतःच ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे अल्फा म्हणजे आई-बाप. मेक यांनी स्वतःचंच म्हणणं मागे घेतलं याचं मला फार मोल वाटतं. त्या जुन्या कल्पनेवर उभी राहिलेली चोक चेन मात्र भुऱ्याच्या गळ्यात पोचली होती.

तीन आठवड्यांत गुरगुर थांबली. पूर्ण थांबली. भांडी पडली तरी आवाज नाही. आम्ही खूश. मी त्या गृहस्थांना ठरल्यापेक्षा पाचशे रुपये जास्त दिले.

26 मे, रविवार. दादा जेवून उठले आणि ताट धुवायला अंगणातल्या नळाकडे निघाले. भुऱ्या पायरीशी पडलेला. ताटाची कड नळाच्या तोटीला लागली. टण्ण. भुऱ्या उठला, दादांच्या उजव्या पंजाला त्याने धरलं आणि सोडलं. सगळं इतक्या लवकर झालं की ताट खाली पडायच्या आत तो पुन्हा भिंतीला टेकून उभा होता, शेपूट पोटाखाली. घशातून आवाज नाही. आधी नाही, नंतर नाही.

दातांच्या चार खुणा. इयान डनबार या पशुवैद्याने चाव्यांची सहा पातळ्यांची मोजपट्टी केली आहे, तिच्यात हा तिसऱ्या पातळीचा चावा: एकदाच धरलेलं, एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्याहून कमी खोल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते औषधाचं. नळाखाली हात धरला आणि साबण लावून घड्याळाची पंधरा मिनिटं धुतला. मग सरकारी दवाखान्यात लस, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) आणि पुढच्या तारखा: तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा दिवस. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. हात धूत असताना दादा शांतपणे एकच म्हणाले.

"आधी ओरडला का नाही गं तो? आधी तर ओरडायचा."

या वाक्याने मी आतून हलले. आधी तो सांगायचा, दूर व्हा, मला भीती वाटतेय. आम्ही त्याला सांगण्याबद्दल मार दिला. भीती कुठेच गेली नव्हती, तिची घंटा तेवढी आम्ही काढून टाकली होती.

वही

रात्री घरात चर्चा झाली. कायमच्या झोपेचं इंजेक्शन देऊन टाका, असं दोन नातेवाइकांनी फोनवर सांगितलं. दादांच्या हाताला पट्टी होती, त्यामुळे बोलायचा पहिला हक्क त्यांचा होता. ते म्हणाले, "तीन महिने बघा. तोवर मी त्याच्यापासून लांब राहीन. पण पोराला जवळ जाऊ देऊ नका."

त्या दिवसांत मी जे हाती लागेल ते वाचत होते. त्यातलं एक प्रकरण मनात घर करून राहिलं. 25 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मायकल व्हिक या फुटबॉलपटूच्या जागेवर छापा पडला. कुत्र्यांच्या झुंजी चालायच्या तिथे. पन्नासच्या आसपास पिटबुल सापडले. झुंजीतली कुत्री सरसकट मारायची असा तोवरचा रिवाज. या वेळी न्यायालयाने प्रत्येक कुत्रा वेगळा तपासायला लावला. वागणुकीत इतका धोका दिसला की मारावंच लागलं, असं एकच कुत्रं निघालं. सत्तेचाळीस वाचली. बावीस यूटातल्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेत गेली, काही घरांत गेली, काही तर पुढे दवाखान्यांत आजाऱ्यांना भेटायला जाऊ लागली. पुष्कळशी कुत्री मारकी नव्हतीच, माणूस दिसला की जमिनीला चिकटून थरथरणारी होती. अडचण भीतीची होती. भिंतीला टेकलेला भुऱ्या मला त्या वर्णनात दिसला.

आमच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका वर्तनतज्ज्ञ मॅडमशी गाठ घालून दिली. त्यांनी पहिल्या भेटीत मला एकही आज्ञा शिकवू दिली नाही. "बैस, थांब, सगळं राहू दे. दहा दिवस नुसतं बघा आणि लिहा." केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी काढलेली एक शिडी त्यांनी मला समजावली. कुत्रा थेट चावत नाही, पायऱ्या चढत जातो. डोळे मिचकावणं, नाक चाटणं, जांभई या सगळ्यात खालच्या पायऱ्या. मग मान वळवणं, अंग वळवणं, निघून जाणं, कान पाडून दबणं, शेपूट आत घेणं. मग ताठरणं, रोखून बघणं. मग गुरगुर. मग हवेत दात. शेवटी चावा. खालच्या पायऱ्या कोणी वाचल्या नाहीत की तो वरच्या चढतो, आणि एखादी पायरी आपण मोडून टाकली तर तिच्यावरून उडी मारतो.

मी दोनशे पानी वही घातली. त्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा:

"सकाळ 6.40. दूधवाला, किटलीचा आवाज. अंतर साधारण वीस फूट. जीभ नाकावर दोनदा. कान मागे. मान भिंतीकडे. अंग ताठ नाही. दूधवाला गेल्यावर अंग झटकलं."

"दुपार 1.15. कुकरचं झाकण ओट्यावर. अंतर आठ फूट. तोंड एकदम मिटलं. हलला नाही. डोळ्याच्या कडेचा पांढरा दिसला. मी बाहेर गेले."

दहा दिवसांनी वही वाचली तेव्हा मलाच नवल वाटलं. कुत्रा मुका नव्हता. दिवसभर बोलत होता, आम्हाला ती भाषा येत नव्हती.

चमचा, ताट, कोंबडी

आधी घर बदललं. जेवणं आतल्या खोलीत दार लावून, दादांना मेलामाइनचं ताट, भुऱ्याची जागा मागच्या पडवीत, जिथून कोणाला येजा करावी लागत नाही. मॅडमचं म्हणणं होतं की रोज भीती उकरली जात असेल तर शिकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी. मग मझल. जाळीचा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. दादा त्याला बैलाचं मुसकं म्हणायचे. आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचा, भुऱ्याने आपण होऊन तोंड घालायचं आणि काढायचं. पट्टा लावायला आम्ही सतरा दिवस घेतले.

डॉक्टरांनी जूनमध्ये भीती-चिंता कमी करणारं फ्लुओक्सेटिन सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी औषधाच्या दुकानात बसते म्हणून मुद्दाम सांगते: माणसाच्या गोळ्या अंदाजाने अर्ध्या करून कुत्र्याला देऊ नका. आमच्या काउंटरवर असं मागायला लोक येतात, मी परत पाठवते.

मुख्य काम आवाजाचं. पाव्हलॉव्हच्या प्रयोगाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते: आधी आवाज, मग खाणं, आणि पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी. घरात करताना ती फार कसोटी बघते. पहिल्या दिवशी मधली दोन दारं बंद, माझा मुलगा पलीकडे. फडक्यात गुंडाळलेला चमचा तो ताटाला टेकवायचा, एकदाच. इकडे मी आवाज झाल्यावर कोंबडीचा तुकडा टाकायचा. आवाज आधी, कोंबडी नंतर. इथे मी चुकले. भुऱ्या दचकू नये म्हणून हात आधीच पिशवीत घालू लागले. आठवड्याभरात भुऱ्याने कोंबडी नाकारली. पिशवीत हात गेला की तोंड मिटून भिंतीकडे बघायचा. मॅडमनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "तुमची कोंबडीच आता धोक्याची सूचना झाली." आवाज कोंबडीची बातमी घेऊन यायला हवा होता, झालं उलटं. पिशवी टाकून दिली, जागा बदलली, तुकडे खिडकीतल्या वाटीत ठेवले, कोंबडीऐवजी पनीर घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या एका चुकीने मला वेळेचं जे भान दिलं ते कुठल्याही कोर्सने दिलं नसतं.

फडकं निघालं. एक दार उघडलं. चमच्याऐवजी वाटी आली. कुठेही नाक चाटलं, तोंड मिटलं, की तो दिवस तिथे संपला. कधी सत्र चाळीस सेकंदांचं असायचं.

11 ऑगस्ट. चाव्याला सत्त्याहत्तर दिवस झाले होते. दादा पडवीच्या दारात आले, हातात स्टीलचा तांब्या. मझल घातलेला होता, मी मध्ये होते. दादांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला, अंमळ जोरात. भुऱ्याचं अंग ताठरलं. आणि मग फार बारीक, घशाच्या तळातून, गुर्र्. मे महिन्यानंतरची पहिली.

"बोलला गं!" दादा म्हणाले आणि लगेच दोन पावलं मागे सरले. भुऱ्याचा आवाज थांबला. त्याने दादांकडे पाहिलं, नाक चाटलं, अंग झटकलं आणि खाली बसला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. ज्या आवाजाला आम्ही झटके दिले, तो परत आल्याचा आनंद घरात दिवाळीसारखा होता.

त्यानंतरचा नियम दादांनीच घातला: भुऱ्या गुरगुरला की कोणी रागवायचं नाही, जे चाललंय ते थांबवायचं आणि मागे व्हायचं. लोक विचारतात, याने तो शेफारत नाही का? वहीत उत्तर आहे. ऑगस्टमध्ये दिवसाला पाच-सहा गुरगुरी, सप्टेंबरच्या अखेरीस आठवड्याला दोन. ऐकून घेतलं जातं हे कळल्यावर तो खालच्या पायऱ्यांवरच बोलू लागला, मान वळवायचा आणि आम्हाला पुरायचं. ऑक्टोबरमध्ये खरी दिवाळी आली आणि फटाक्यांनी महिन्याभराची मेहनत धुऊन नेली. दोन दिवस तो न्हाणीघरातून बाहेर आला नाही. नोव्हेंबरात पुन्हा चमचा आणि ताट.

पुढची कुत्री

2020 च्या टाळेबंदीत मेडिकल उघडं होतं, बाकी सगळं बंद. एकटेपणाला सोबत म्हणून नाशकात कितीतरी घरांनी पिल्लं आणली. पिल्लाला जग ओळखीचं व्हायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंतचा. त्या आठवड्यांत या पिल्लांनी पाहुणा पाहिला नाही, रस्ता पाहिला नाही. 2021 मध्ये ती मोठी झाली, दारावरची बेल वाजायला लागली आणि माझा फोनही. भुऱ्याची गोष्ट काउंटरवर ऐकलेले लोक विचारत यायचे. मी लगेच होकार दिला नाही. मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं काम केलं, त्यांच्या प्रकरणांच्या वह्या लिहिल्या, नुसती बघत बसले. पैसे घेऊन पहिलं प्रकरण एकटीने केलं ते त्यानंतरच. आज दुकान नवरा बघतो.

पहिल्या फोनवर दहातले सात जण एकच मागतात: याचं गुरगुरणं बंद करून द्या. मी दादांचा हात सांगते. काही जण फोन ठेवतात.

सगळी कुत्री वाचत नाहीत, हेही याच पानावर लिहायला हवं. एका घरात लहान मुलीला एका झटापटीत अनेक खोल चावे झाले होते, जागा वेगळी करायची सोय नव्हती, दुसरं घर मिळत नव्हतं. दोन पशुवैद्यांनी तपासलं आणि त्याला निरोप द्यायचं ठरलं. मी शेवटपर्यंत त्याच्या डोक्यापाशी बसले होते. त्याची वही मी ठेवली आहे.

22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नसबंदी आणि लस झालेली रस्त्यावरची कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत; रेबीज असलेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक वागणारी मात्र सोडू नयेत. मुलांना चावे होतात, माणसं मरतात, त्यामुळे ही चिंता खरी आहे आणि मी ती मानते. माझा प्रश्न पुढचा आहे. फासात पकडून, गाडीत घालून, अनोळखी पिंजऱ्यात ठेवलेलं कुत्रं गुरगुरलं तर ते आक्रमक का? हे ठरवणाऱ्याच्या हातात दहा दिवसांची वही असेल का? नसबंदी केंद्रांतल्या मुलांना निदान ती शिडी शिकवावी, म्हणून मी दोन ठिकाणी विनामूल्य जाते. एका सकाळीत शिकून होते.

भुऱ्या आता नऊ-दहा वर्षांचा आहे, तोंड पांढरं झालंय. पाहुणे आले की तो पडवीत आणि दार बंद. रस्त्यावर मझल असतो, तो दारामागच्या खिळ्याला दादांच्या टोपीशेजारी टांगलेला आहे. अनोळखी मोकळ्या मैदानात नेलं तर अजूनही आधी गोल फिरतो. साडेतीन फूट. मग कधीतरी तो गोल सोडून वास घेत पुढे निघतो.

दादा गेल्या वर्षीपासून पुन्हा स्टीलच्या ताटात जेवतात. अंगणातल्या नळावर स्वतःच धुतात. तोटीला लागलं की पायरीवरून गुर्र् येतं. "बरं बाबा, बरं," म्हणत दादा ताट घेऊन दोन हात पलीकडे सरकतात आणि तिथे उकिडवे बसून विसळतात.